इलेक-ट्रॅकवर घर चालवायचं तर: इन्व्हर्टर सोपा, न्यूट्रल अवघड

तुम्ही काय विचारलंय ते आधी एकदा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीत तुमच्या शेजारच्या आजोबांनी घर विकलं, त्यांच्या गॅरेजमधला जनरल इलेक्ट्रिकचा जुना, बॅटरीवर चालणारा गवत कापायचा ट्रॅक्टर, इलेक-ट्रॅक ई-१५, तुम्हाला जवळजवळ फुकटात मिळाला, सहाही बॅटऱ्या मागच्याच वर्षी बदललेल्या आहेत, आणि आता वादळात लाईट गेली की यावर घर चालेल का असं तुमच्या डोक्यात आलंय. त्यात तीन पोटप्रश्न आहेत. गवत कापायच्या मोटरला अल्टरनेटर जोडला तर? कॅम्पिंगसाठी घेतलेला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर दोनच बॅटऱ्यांवर लावला तर? आणि इन्व्हर्टरची वायर कपड्यांच्या ड्रायरच्या सॉकेटमधे खुपसून सगळ्या घरात करंट सोडला तर?

घर चालतं, पण अख्खं नाही. पहिली आयडिया फुकट जाते, दुसरी बॅटऱ्या मारते आणि तिसरी माणूस मारते. आता सविस्तर.

मी इकडे यायच्या आधी पुण्यात यूपीएसच्या कामात होतो, आता अल्बनीजवळ राहतो, म्हणजे हे ट्रॅक्टर जिथल्या कंपनीने काढले ते स्केनेक्टडी माझ्यापासून वीसेक मिनिटांवर. डिसेंबर २००८ मधे इकडे आइस स्टॉर्म झालं, झाडांवर बर्फाचा थर चढून फांद्या तारांवर पडल्या आणि आमच्याकडे बरेच दिवस लाईट नव्हती. आम्ही दोघं आणि लहान मुलगी हॉलमधे शेगडीभोवती बसलेलो, आणि मी मनात म्हणतोय की आयुष्यभर लोकांना बॅकअप लावून दिले आणि स्वतःच्या घरात मेणबत्ती. पुढच्या उन्हाळ्यात माझा ट्रॅक्टर आला. बायकोला सांगितलं गवत कापायला हवाय.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घ्या. इलेक-ट्रॅक १९६९ मधे बाजारात आला आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच बनला, म्हणजे तुमच्याकडचं यंत्र बहुतेक तुमच्यापेक्षा वयाने मोठं आहे. ३६ व्होल्टची सिस्टिम, सहा व्होल्टच्या सहा गोल्फ कार्टवाल्या बॅटऱ्या एकामागे एक सिरीजमधे. चाकांना एक डीसी मोटर, आणि गवत कापायच्या डेकवर प्रत्येक पात्याला वेगळी मोटर, त्यामुळे डेकला पट्टे-बिट्टे काही नाहीत. गोल्फ कार्टची एक बॅटरी साधारण २८ किलोची, सहा मिळून १७० किलोच्या आसपास, आणि हे वजन चाकांवर पडतं म्हणून बर्फ ढकलताना टायर घसरत नाहीत. ज्या वजनाला लोक नावं ठेवतात तेच इथे कामाचं आहे, कारण लाईट गेल्यावर तुम्हाला ट्रॅक्टर नकोच असतो, चाकांवरची बॅटरी हवी असते आणि ती तुमच्या गॅरेजमधे आयती उभी आहे.

आता हिशोब, कारण उत्साह इथेच उतरतो. चांगल्या गोल्फ कार्ट बॅटरीवर २२५ अँपिअर-अवर लिहिलेलं असतं. ३६ गुणिले २२५ म्हणजे ८१०० वॉट-अवर, आपल्या भाषेत आठ युनिट. वाटतं की वा. पण तो २२५ चा आकडा वीस तासांत हळूहळू काढली तरचा आहे, म्हणजे सव्वाअकरा अँपिअरने. त्याच बॅटरीतून ७५ अँपिअर ओढले तर ती पावणेदोन-दोन तासांत संपते, १४० च्या आसपास अँपिअर-अवर देऊन. शिसं-अ‍ॅसिडच्या बॅटरीचा स्वभावच तो, घाईने मागितलं की कमी देते. शिवाय रोजच्या वापरात निम्म्याच्या खाली उतरवायची नाही हा जुना नियम, आणि इन्व्हर्टरमधे दहा-बारा टक्के गळती. सगळं धरून हाताला लागतात साडेतीन युनिट. अगदीच पाणी डोक्यावरून गेलं आणि ऐंशी टक्के काढायची ठरवली तर साडेपाचच्या पुढेमागे, पण असं वर्षातून एखाददा, दर शनिवारी नाही.

अमेरिकेतलं सरासरी घर दिवसाला साधारण ३० युनिट खातं. त्यामुळे 'घर चालवायचं' हा शब्दच सोडून द्या आणि लाईट गेल्यावर नक्की काय थांबलं की तुमचं नुकसान होतं ते विचारा. न्यू जर्सीत बेसमेंट असलेल्या माणसाला याचं उत्तर पहिलं सम्प पंप (बेसमेंटमधे साचणारं पाणी बाहेर फेकणारा), दुसरं हिवाळ्यात फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी), तिसरं फ्रिज. बाकी सगळी चैन.

सम्प पंपाचं गणित बघण्यासारखं आहे. एक तृतीयांश हॉर्सपॉवरचा पंप चालताना ८०० वॉटच्या आसपास घेतो, पण पाच मिनिटांतून पंधरा सेकंद चालत असेल तर दिवसाला एकच युनिट. तोच वादळाच्या रात्री दर मिनिटाला पंधरा सेकंद चालायला लागला की दिवसाला पावणेपाच युनिट, म्हणजे तुमची अख्खी बॅटरी एकटा पंप पिणार. म्हणून पुढचा पाऊस येईल तेव्हा घड्याळ घेऊन बेसमेंटमधे बसा आणि मोजा, हा एक आकडा बाकी सगळ्या प्लॅनपेक्षा मोलाचा आहे. फ्रिज दिवसाला सव्वा-दीड युनिट घेतो, पण त्याला सलग द्यायची गरज नाही, दार बंद ठेवलं तर फ्रिज चार तास आणि भरलेला फ्रीझर दोन दिवस थंडी धरतो. त्यामुळे सकाळी तासभर, संध्याकाळी दोन तास असं आलटून पालटून द्या, आणि घरच्यांना सांगा की काय खायचं ते आधी ठरवा आणि मग दार उघडा, दार उघडून विचार करायचा नाही. फर्नेसचा ब्लोअर, म्हणजे गरम हवा घरभर ढकलणारा पंखा, जुन्या पद्धतीचा असेल तर ५०० वॉट सहज, आठ तास चालला तर चार युनिट. नवीन मोटर असेल तर बरंच कमी. घराचं तापमान १५-१६ डिग्रीवर ठेवा, स्वेटर घाला.

एक खर्च सगळे विसरतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काही जोडलं नाही, तरी तो २०-३० वॉट खातच असतो. चोवीस तासांत अर्धा-पाऊण युनिट नुसता हवेत गेला, साडेतीनमधला. म्हणजे रात्री फक्त राऊटर आणि दोन फोन लावायचे म्हणून दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर चालू ठेवणं म्हणजे एक कप चहासाठी लग्नाचं पातेलं चढवणं. त्यासाठी ३६ चं १२ करणारा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर वेगळा ठेवा, मोबाईल, राऊटर, एलईडी पट्ट्या त्याच्यावर आरामात चालतात.

आता तुमचे तीन प्रश्न.

अल्टरनेटर. कल्पना अशी की मोटर आहेच, तिला जनरेटरचं हेड जोडू आणि सरळ १२० व्होल्ट काढू. मोटर ७५-८० टक्के, हेड ८० टक्के, गुणाकार करा, साठ-पासष्ट टक्के हाती येतात, तेच काम इन्व्हर्टर ८८-९० टक्क्यांत करतो, न फिरता आणि न गोंगाट करता. त्यात साठ हर्ट्झसाठी दोन पोलचं हेड बरोब्बर ३६०० आरपीएमला फिरायला हवं, आणि डीसी मोटरवर लोड आला की ती थोडी दबते, फ्रिजचा कॉम्प्रेसर उचलला की फ्रिक्वेन्सी घसरणार, म्हणजे वेग धरून ठेवणारा गव्हर्नर तुम्ही बनवत बसणार. १९७० मधे हे करण्यात अर्थ होता कारण तेव्हा स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. आता करायचं तर हौस म्हणून करा.

१२ व्होल्टचा इन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांवर. हे फार जण करतात कारण पहिल्या दिवशी ते मस्त चालतं. त्रास महिन्या-दोन महिन्यांनी दिसतो. सहा बॅटऱ्या म्हणजे एका दोरीला बांधलेली सहा माणसं, त्यातल्या दोघांना तुम्ही आधीच पळवून दमवलंत. चार्जर लावला की त्याला दिसतं फक्त एकूण ३६ चं व्होल्टेज, तो सगळ्यांना सारखाच करंट देणार, म्हणजे त्या दोघी उपाशी राहतात आणि बाकी चौघींना अजीर्ण होतं, पाणी उकळून उडतं. मग वसंतात गवत कापायला काढलात की चढावर त्या दोन रिकाम्या बॅटऱ्यांतून इतर चार जणी करंट ढकलतात आणि एखादा सेल उलटा चार्ज होतो. तो सेल गेला. चार बॅटऱ्यांतून २४ व्होल्ट काढायचं म्हणाल तर तेही हेच. काढायचं तर सहाच्या सहा मधून.

आणि इथे ३६ ची अडचण येते. बाजारात इन्व्हर्टर १२, २४ आणि ४८ चे ढिगाने मिळतात, ३६ चे मोजके, बहुतेक गोल्फ कार्टवाल्यांसाठी बनवलेले. घेताना वॉट नंतर बघा, आधी इनपुटची रेंज बघा. लोडवर पॅक ३२-३३ पर्यंत खाली येतो, चार्ज होताना ४४-४५ पर्यंत वर जातो, तर निदान ३१ ते ४५ त्याला सोसलं पाहिजे. ४८ चा घेऊन 'चालून जाईल' म्हणाल तर नाही चालत, त्याचा लो-व्होल्टेज अलार्म तुमच्या फुल चार्ज पॅकवरच वाजेल.

प्युअर साइन वेव्हच घ्या, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर देणारा. पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या मॉडिफाइडवर दिवे लागतात, फोन चार्ज होतो, पण कॉम्प्रेसर आणि पंपाच्या मोटरा गुरगुरतात आणि तापतात, फर्नेसचा बोर्ड नखरे करतो. तुमच्या लोडला २००० वॉट सलग आणि ४००० क्षणभर देणारा पुरे, कारण पंप उचलताना क्षणभर चालू करंटाच्या तिप्पट घेतो. पंप आणि फ्रिज एकाच वेळी उचलले तर कट मारेल, तर मारू दे, रिसेट करा. त्यासाठी पाच हजारचा घेऊन त्याचं रिकामं चरणं चोवीस तास सोसू नका.

डीसी बाजूला २००० वॉटला ६३ अँपिअर, क्षणभर १२५ च्या वर. (हेच १२ व्होल्टवर १९० झाले असते, म्हणून ३६ ला शिव्या देताना तेवढं लक्षात ठेवा.) दोन गेजची वेल्डिंग केबल, लांबी जमेल तितकी कमी, लग नीट हायड्रॉलिक क्रिम्पने दाबलेले, हातोड्याने चेपलेले नाही. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात, क्लास टी प्रकारचा. घरातल्या पॅनेलमधला एसी ब्रेकर उचलून डीसीला लावू नका. एसीचा आर्क सेकंदाला १२० वेळा शून्यातून जातो म्हणून आपोआप विझतो, डीसीला शून्यच नाही, ब्रेकर उघडतो आणि आत वेल्डिंग चालू राहतं.

हात घालायच्या आधी अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा. हे मी नियम म्हणून सांगत नाहीये. माझ्या हातातून एकदा तेरा नंबरचा पाना निसटला आणि दोन टर्मिनलवर आडवा पडला, टक् असा एकच आवाज, निळा प्रकाश, आणि पाना तिथेच चिकटला. लाथ मारून उडवला. त्या पान्याला मधोमध नखाएवढा खड्डा पडलाय आणि टर्मिनलचं शिसं थेंबासारखं ओघळून गार झालंय. शॉर्ट झाल्यावर या बॅटऱ्या हजार-दोन हजार अँपिअर द्यायला मागेपुढे बघत नाहीत. पाना अजून गॅरेजमधे खिळ्याला टांगून ठेवलाय, मुलीचे मित्र आले की ती त्यांना दाखवते.

ट्रॅक्टरची ही ३६ व्होल्टची वायरिंग लोखंडी बॉडीपासून अलग ठेवलेली असते, गाडीसारखं निगेटिव्ह चासीला नसतं. पण पन्नास वर्षांत कोणी काय केलंय माहीत नसतं आणि बॅटरीवरची ओलसर धूळ हीसुद्धा वायरच. मल्टिमीटर घ्या, बॉडी ते पॉझिटिव्ह आणि बॉडी ते निगेटिव्ह मोजा. काही व्होल्ट पक्के दिसत असतील, मीटर शून्याकडे घसरत नसेल, तर खायच्या सोड्याच्या पाण्याने बॅटऱ्यांचे माथे धुवा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर बॅटरी गेली), सुकवा, परत मोजा. हे झाल्याशिवाय इन्व्हर्टर चासीवर बोल्ट करू नका.

आता न्यूट्रल. इथे मी स्वतः पैसे घालवलेत म्हणून जरा थांबतो. पहिला इन्व्हर्टर लावला, एक्स्टेन्शनने फ्रिज चालला, सम्प पंप चालला, खुशीत फर्नेस लावला. फर्नेसचा छोटा पंखा फिरला, इग्नायटर लाल झाला, गॅस पेटला, निळी ज्योत दिसतेय, आणि पाच-सात सेकंदांत बंद. परत सगळं पहिल्यापासून. तीनदा केलं आणि लॉकआउट. मला वाटलं बोर्ड गेला. बोर्ड अगदी ठणठणीत होता. गॅस फर्नेस ज्योत आहे की नाही हे ज्योतीतूनच अगदी बारीक करंट अर्थकडे पाठवून ओळखतो, काही मायक्रो-अँपिअर. घरच्या वायरिंगमधे न्यूट्रल आणि अर्थ मेन पॅनेलला जोडलेले असतात म्हणून ते वर्तुळ पूर्ण होतं. माझ्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल तरंगता होता, दोन्ही भोकं अर्थपासून साठ-साठ व्होल्टवर. ज्योत होती, पण फर्नेसला दिसत नव्हती.

मग मी हुशारी केली. न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेला एक प्लग बनवला, जनरेटरवाले वापरतात तसा, आणि इन्व्हर्टरच्या दुसऱ्या सॉकेटमधे घातला. फट्ट. आतून धूर. नंतर मॅन्युअल काढलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, आउटपुटचा न्यूट्रल अर्थला जोडू नये. यूपीएसमधे पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने मॅन्युअल न वाचता केलेला उद्योग, घरी अजून चिडवतात. तर इन्व्हर्टर घेताना ज्याच्या मॅन्युअलमधे न्यूट्रल-अर्थ बॉण्डिंग चालतं असं स्पष्ट लिहिलंय तोच घ्या, आणि ते बॉण्डिंग संपूर्ण सिस्टिममधे एकाच जागी असू द्या. दोन ठिकाणी झालं तर न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरीतून वाट काढतो आणि जीएफसीआय (करंट कुठे गळला की उडणारी सुरक्षेची सॉकेटं) विनाकारण उडत राहतात.

ड्रायरचं सॉकेट. दोन्ही टोकांना नर प्लग असलेली वायर करून घरात करंट सोडायचा, तिला इकडे सरळ सुईसाइड कॉर्डच म्हणतात. गावाकडे आपण तारेवर आकडा टाकताना बघितलंय, हे त्याच्या उलट आहे, तुम्ही तारेवर वीज टाकताय. मेन ब्रेकर बंद करायला विसरलात की तुमचे व्होल्ट खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधे उलटे शिरतात आणि जो ट्रान्सफॉर्मर ७२०० चे २४० करतो तो प्रामाणिकपणे तुमच्या करंटाचे परत हजारो व्होल्ट करतो. वर तार जोडणारा वायरमन समजतोय की लाईन मेलेली आहे. 'मी आठवणीने मेन बंद करीन' हे रात्री दोन वाजता, बेसमेंटमधे घोट्याएवढं पाणी आणि पोरं रडतायत अशा वेळी खरं राहत नाही. शिवाय ड्रायरचं सॉकेट २४० चं, तुमचा इन्व्हर्टर १२० चा, जमतच नाही.

आणि खरं सांगायचं तर पॅनेलला हात लावायची तुम्हाला गरजच नाही. नीट बघा. सम्प पंपाला प्लग आहे. फ्रिजला प्लग आहे. बारा गेजची जाड एक्स्टेन्शन घ्या, लाईट गेली की भिंतीतला प्लग काढा आणि एक्स्टेन्शनमधे घाला, भानगड संपली. भिंतीत पक्का जोडलेला एकच, फर्नेस. त्याच्यासाठी एका सर्किटचा ट्रान्सफर स्विच मिळतो, फर्नेसच्या शेजारी भिंतीवर बसतो, खटका इकडे की लाईन, तिकडे की इन्व्हर्टर, दोन्ही एकदम शक्यच नाही. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, टाउनशिपचं परमिट काढून बसवून घ्या, दुपारभराचं काम आहे. मात्र यात एक मेख आहे. या स्विचमधे न्यूट्रल बहुतेक वेळा बदलला जात नाही, म्हणजे फर्नेसचा न्यूट्रल मेन पॅनेलच्या अर्थला जोडलेलाच राहतो. फर्नेस त्यामुळे खूश, पण बॉण्डिंग न चालणारा इन्व्हर्टर लावलात तर माझ्यासारखा धूर.

पुढे कधी हौस वाढली आणि सहा सर्किटचा स्विच किंवा इंटरलॉक (मेन आणि बॅकअप एकदम चालू होऊ न देणारी पट्टी) लावायचा झाला, तर इलेक्ट्रिशियनला एवढंच विचारा की घरात एकच न्यूट्रल वाटून घेतलेली दोन सर्किटं कुठे आहेत. घरात येणाऱ्या २४० चे १२०-१२० चे दोन पाय असतात, लाल आणि काळी वायर त्या दोन वेगवेगळ्या पायांवर असतात तेव्हा न्यूट्रलमधून फक्त फरक वाहतो. दोन्ही पायांना एकाच इन्व्हर्टरचे १२० दिले की न्यूट्रलमधे बेरीज होते आणि तिच्यावर ब्रेकर नसतो. २००० वॉटचा इन्व्हर्टर जेमतेम १७ अँपिअर देतो म्हणून वाचाल, मोठा घेतलात तर भिंतीत वायर तापणार आणि कुणाला पत्ता नाही.

थंडीचं एक. गॅरेज उणे दहाला गेलं की बॅटरीची ताकद पाऊण भागावर किंवा त्याच्याही खाली येते, आणि हिवाळ्यातच तर लाईट जाते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही, पण रिकामी झालेलीतलं पाणी उणे आठ-दहालाच बर्फ होतं आणि केस तडकते. त्यामुळे वापरली की त्याच दिवशी चार्ज. आणि चार्ज करताना गॅरेजचं दार थोडं वर. हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला की ठिणगीची वाट बघत असतो. बाबा गावी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालताना उदबत्ती विझवायला लावायचे, तेव्हा मला वाटायचं देवाचं काहीतरी असेल.

लाईट दोन दिवस आली नाही तर? २०१२ च्या सँडी वादळामधे तुमच्याकडे आठवडाभरही गेली होती अनेकांची. तेव्हा साडेतीन युनिट म्हणजे पहिली रात्र. मी काय करतो, एक लहान पेट्रोल जनरेटर आहे, तो दिवसा चार-पाच तास बाहेर, घरापासून लांब चालवतो. तेवढ्या वेळात फ्रिज, फ्रीझर, धुणं-भांडी, आणि सोबत ट्रॅक्टरचा चार्जर. अर्ध्या उतरलेल्या पॅकला पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात, चार-पाचात बरंचसं काम होतं. रात्री जनरेटर बंद, सगळं ट्रॅक्टरवर, शांतता. पेट्रोल निम्मं लागतं, शेजारी दुवा देतात, आणि झोपेत कार्बन मोनॉक्साइडची भीती नाही. सोलरचं विचाराल तर ३६ व्होल्टला सेट होणारा एमपीपीटी (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा कंट्रोलर) घ्यावा लागेल आणि आपल्या ढगाळ डिसेंबरात एका पॅनेलकडून दिवसाला युनिटभर मिळालं तरी नशीब समजा. उन्हाळ्यात चांगलं चालतं.

(आणि हो, ट्रॅक्टरचा चार्जर त्याच ट्रॅक्टरवरच्या इन्व्हर्टरला लावला तर काय होईल असं एकाने मला गंभीरपणे विचारलं होतं. काही होत नाही, बॅटरी लवकर संपते.)

ज्यांच्याकडे असा ट्रॅक्टर नाही आणि हे वाचून शोधायला निघतील त्यांना सांगतो, फक्त बॅकअपसाठी घेऊ नका. सहा बॅटऱ्याच हजार डॉलरच्या वर जातात, तेवढ्याच्या आसपास आता लिथियमचं तयार पॉवर स्टेशन येतं, पाणी घालायला नको, न्यूट्रलचा अभ्यास नको. आणि फोर्डची एफ-१५० लाइटनिंग ९.६ किलोवॉटपर्यंत बाहेर देऊ शकते, तिच्या बॅटरीत तुमच्या ट्रॅक्टरच्या दहापटीहून जास्त वीज असते, तो खेळच वेगळा. पण तुमच्या दारात ही वस्तू आलीच आहे, उन्हाळ्यात गवत कापणार, हिवाळ्यात बर्फ ढकलणार, मग उरलेल्या वेळात तिने बेसमेंट सांभाळलं तर बिघडलं कुठे.

इन्व्हर्टरची ऑर्डर मात्र आज देऊ नका. आधी ट्रॅक्टर रात्रभर पूर्ण चार्ज करा, सकाळी चार्जर काढून सहा-आठ तास तसाच राहू द्या, मग प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगळं मोजा. ६.३ च्या वर प्रत्येक यायला हवी, सगळा पॅक ३८ च्या आसपास. मग हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) अठराही सेल बघा, एका बॅटरीत तीन, १.२६-१.२७ पाहिजे, आणि सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमधे फरक किती ते लिहून ठेवा. मग एक तास गवत कापा, उतरवून तासभर थांबून परत सहा आकडे घ्या. पाच जणी ६.२ ला आणि एक ५.९ ला आली तर 'मागच्या वर्षी बदललेल्या' मधली एक बदललेलीच नव्हती असं समजा. असं तासभर थांबून मोजलेला पॅक ३६.३ ला आला की निम्मा संपला, हा आकडा मास्किंग टेपवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. ते बारा व्होल्टेज आणि अठरा सेलचे आकडे पाठवा, मग तुमच्या फर्नेसचा आणि पंपाच्या प्लेटचा फोटो बघून इन्व्हर्टर कुठला ते ठरवू.